वाघजाईची उतरण

येसाजी चिकण्यांच्या जीपला दारं नव्हती. पूर्वी होती. पण कुडपणच्या पठारावरून आजारी माणूस खाली पोलादपूरला न्यायचा म्हणजे त्याला डोलीतून उचलून आडवंच आत सरकवावं लागे, आणि दर वेळी दार मध्ये येई. एकदा एका अडलेल्या बाईला आत घेताना दाराच्या पत्र्यानं तिचा पाय कापला. त्याच संध्याकाळी येसाजींनी पाना घेतला, दोन्ही दारं उतरवली आणि गोठ्याच्या कुडाला लावून टाकली. "गुरांना वारा लागत होता, त्यांची सोय झाली," एवढंच म्हणाले. माणूस कमी बोलणारा.

तरुणपणी ते मुंबईत मशीद बंदरला टेम्पो चालवत. वाडीतली सगळी माणसं एकेक करून मुंबईला उतरत होती तेव्हा हा एकटा गडी उलटा वर आला. कारण असं झालं की त्यांच्या बापाला पोटशूळ उठला, चौघांनी डोली खांद्यावर घेतली, आणि बाप अर्ध्या घाटातच गेला. येसाजी पोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता. पुढं घाटात कच्चा रस्ता झाल्याबरोबर त्यांनी कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावातली ही जीप घेतली. तेव्हाही ती जुनीच होती. गावात पुढं नव्या गाड्या आल्या, पण त्या गणपतीला आणि शिमग्याला. एरवी बाराही महिने पठारावर उभी असायची ती हीच. नवरी तिच्यातून आली, रेशन तिच्यातून आलं, मतदानाची पेटीही तिच्यातूनच गेली.

स्टेअरिंग मात्र तिचं जात्यासारखं जड होतं. भरली गाडी वळणावर घ्यायची तर येसाजी सीटवरून अर्धे उठत आणि छातीचा भार चाकावर टाकत. तारुण्यात त्याचं काही वाटलं नाही. पण साठी उलटल्यावर एके दिवशी माळ्यावरून भाताणाचे भारे खाली टाकताना पाय घसरला, ते उजव्या खांद्यावर पडले, आणि तो खांदा पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही. महाडच्या डॉक्टरांनी आतली शीर फाटल्याचं सांगितलं. म्हणाले, आता जड ओढायचं नाही.

मुलगा सुनील मुंबईला लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. तो फोनवर एकच धोशा लावून होता. "बाबा, भंगारात द्या तो डबा. घराला कुलूप लावा नि दोघं इकडं या."

येसाजींनी त्याला शेवटी शब्द दिला होता. "ज्या दिवशी जीप माज्या हातानं वळणार नाय, त्या दिवशी येतो. त्याच्याआधी नाय." तेव्हापासून त्या बाप-लेकांत जीपचं चाक म्हणजे गावातलं राहणं असाच हिशेब होऊन बसला. चाक वळलं तर कुडपण, नाही वळलं तर मुंबईची एक खोली आणि खिडकीतून दिसणारी समोरची भिंत.

त्या दिवसांत त्यांची बायको आवडीबाई जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसू लागल्या. त्याला कारण वाघजाई.

कुडपणहून खाली उतरताना एके ठिकाणी वाघजाईचं ठाणं आहे. देऊळ नाही, छप्पर नाही, शेंदूर माखलेली शिळा आणि तिच्यापुढं नारळ फोडायचा दगड. घंटाही नाही. वरच्या काळ्या कड्याला आग्यामोहोळाची पोळी लटकलेली असतात, परातीएवढी. त्या देवीच्या माशा. आवाज झाला की उठतात, असं जुन्यांनी सांगितलेलं. एका वरातीत वाजंत्री वाजत राहिली आणि माशांनी नवरदेवाचा घोडा मारला, ही गोष्ट प्रत्येक पोराला ठाऊक. म्हणून ठाण्यापासून खालच्या वळणावरच्या, रस्त्याखालून ओढा जातो त्या मोरीपर्यंत कुणी हाक मारत नसे. डोलीवाले मुक्यानं उतरत. चढताना गाडीच्या इंजिनाला इलाज नाही, चढणाऱ्याला आई माफ करते. पण उतरणाऱ्याला कशाला हवा आवाज? येसाजी ठाण्याशी आले की गिअर न्यूट्रलला टाकत, इंजिन बंद करत, आणि जीप तेवढी उतरण मुकाट्यानं घरंगळत जाई. मोरीपाशी ती पुन्हा सुरू करायची. नव्या गाड्यांवाले एवढं पाळत नसत. गाणी बंद केली, हात जोडले की झालं. येसाजींनी मात्र एकदाही चुकवलं नव्हतं.

ते जुनं डिझेल इंजिन चावीनं बंद होत नसे. डॅशबोर्डाखाली एक काळी मूठ होती, स्टॉपर. ती ओढून धरली की डिझेल तुटे आणि इंजिन दोन हुंदके देऊन गप्प होई. खांदा गेल्यावर पंचाईत झाली ती इथं. उजव्या हातात जोर उरला नव्हता, म्हणून डावा हात गिअर टाकून तसाच चाकावर परतायला हवा. स्टॉपरला हात कुठून आणायचा?

"मी वढते की," आवडीबाई म्हणाल्या. "तुमी गिअरला हात घातलात की माजा हात मुठीला."

आणि तसंच सुरू झालं. येसाजींचा डावा हात गिअरच्या दांड्याला गेला की बाईंचा हात स्टॉपरला. एक शब्दही बोलावा लागत नसे. मनात देवीचं नाव, मूठ ओढलेली, जीप मुकी. खाली आल्यावर त्या पदर सारखा करत आणि म्हणत, "झाली हो सेवा." त्यांनी देवीला बोलूनच ठेवलं होतं, तुझ्या उतरणीला आवाज व्हायचा नाय, तू ह्यांचा खांदा सांभाळ.

पण खांदा देवीनं काही सांभाळला नाही. दिवाळीनंतर एका वळणावर चाक अर्ध्यात अडकलं आणि जीप कठड्याला घासली. गाडीत आजारी कुणी नव्हतं, दोघंच होती. येसाजी उतरले, घासलेला पत्रा बघत बराच वेळ उभे राहिले, आणि घरी आल्यावर जेवले नाहीत.

पावर स्टेअरिंगची गोष्ट त्यांच्या कानावर आली ती पाचाडला. तिथल्या एका खानावळीपुढं जुन्या जिपांची रांग उभी होती. शहरातली माणसं सुट्टीला येतात आणि मुद्दाम चिखलात, ओढ्यात गाड्या घालतात, ती मंडळी. येसाजींना मोठी गंमत वाटली. "आपला जन्म गेला खड्डा चुकवण्यात," ते बाईंना म्हणाले, "आनि हे पैसं खर्चून खड्डा हुडकतात." पण त्यातल्या एकानं त्यांना आपल्या जीपमध्ये बसवलं आणि म्हणाला, फिरवा. येसाजींनी चाकाला एक बोट लावलं. ते फिरलं. उभ्या गाडीत, एका बोटानं फिरलं. त्या माणसानंच महाडच्या चांगू मिस्त्रीचं नाव सांगितलं.

चांगूचं गॅरेज महाडात हायवेच्या अलीकडे. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यानं जीपचं चाक एकदा हलवून बघितलं आणि खाली उतरला.

"काका, ही जीप हाय का तालीम?"

"तालीम करूनच खांदा गेला ना रे."

"मग आता पेन्शनीत काढू तिला. एका नव्या गाडीचा पावर स्टेअरिंगचा बॉक्स पडलाय माझ्याकडं, अपघातातल्या गाडीचा. गाडी गेली, बॉक्स चांगला हाय."

"अपघातातला?" आवडीबाईंनी विचारलं.

"काकी, भंगारात सगळं अपघातातलंच येतं. सुखी गाडी कोण मोडायला देतो?"

बाईंनी तो बॉक्स आधी धुवून घ्यायला लावला आणि त्याला हळदकुंकू लावलं. चांगू हसला, पण त्यानं ते पुसलं नाही.

काम चार दिवस चाललं. नवरा-बायको महाडातच भाचीकडं राहिले आणि सकाळी उठून गॅरेजला येऊन बसले, जसं दवाखान्यात आपल्या माणसापाशी बसतात. जुना बॉक्स निघाला तेव्हा त्याच्यामागं चासीला बोटभर चीर सापडली. चांगूनं येसाजींना खाली वाकायला लावून ती दाखवली. "बघा. आणखी थोडे दिवस असते, तर हा अख्खा सुटून तुमच्या मांडीत आला असता." मग चिरेवर जाड पट्टी जोडली, नवा बॉक्स त्या पट्टीवर बसवला, इंजिनाला पंप लावला, पंपाला पट्टा, पंपापासून बॉक्सपर्यंत तेलाच्या नळ्या. चाकाची दांडी कापून आखूड केली. जुना बॉक्स आवडीबाईंनी गोणपाटात गुंडाळून मागं ठेवला. इतकी वर्षं राबलेलं लोखंड भंगारात कसं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं.

शेवटच्या दिवशी त्या वीरेश्वराच्या देवळात गेल्या, आणि नेमकं तेव्हाच चांगूनं येसाजींना सीटवर बसवलं.

"इंजिन चालू करा. फिरवा."

फिरलं. बोटावर. येसाजींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी खांद्याला पुसलं.

"आता बंद करा. फिरवा."

चाक जागचं हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा वीतभर सरकलं आणि खांद्यात कळ गेली.

"समजलं ना?" चांगू आता हसत नव्हता. "हे इंजिनावर जगतं काका. इंजिन बंद तर पंप बंद, पंप बंद तर हा दगड. जुन्याला फेरे जास्त लागायचे, म्हणून बंद गाडीतपण वळायचं ते. ह्याला फेरे कमी, जोर जास्त. तुमी घाटातली माणसं डिझेल वाचवायला उतारावर गाडी बंद सोडता ना? ते आजपासून नाय. काय झालं तरी नाय."

"डिझेलसाठी नाय सोडत आमी," येसाजी म्हणाले.

"मग कशासाठी?"

तेवढ्यात आवडीबाई अंगारा घेऊन आल्याच. त्यांनी चिमूटभर चाकाला लावला, चिमूटभर चांगूच्या कपाळाला.

"काकी, काकांना सगळं नीट सांगितलंय हां," चांगू म्हणाला.

वाटेत बाईंनी विचारलं, "काय सांगितलं त्यांनी?"

"तेल बघत जा म्हणाला," येसाजी म्हणाले.

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि हे खोटं आहे असंही त्यांना तेव्हा वाटलं नाही. सांगू संध्याकाळी, एवढंच मनात होतं. पण संध्याकाळी आवडीबाईंनी जीपला ओवाळलं. जुना बॉक्स पडवीत कोनाड्याखाली ठेवून त्याच्यापुढंही दिवा लावला. मग देवाऱ्याशी बसून त्या म्हणत होत्या, "आई, ह्यांचा हात तू परत दिलास. माजी सेवा चुकायची नाय." ते ऐकून येसाजी उंबऱ्यावरूनच मागं फिरले. जिनं नवस बोलला, तिला कसं सांगायचं की आता रोज देवीच्या तोंडावर इंजिन वाजवत उतरायचं आहे?

त्यांनी सोपा रस्ता काढला. "आता तू कशाला दगदग करतेस गो? चाक बोटावर फिरतंय. घरी ऱ्हा."

"माजी नड संपली म्हना की," बाई म्हणाल्या. बोलल्या हसून, आणि पदर खोचून आत निघून गेल्या.

येसाजी एकटे उतरू लागले. वाघजाईच्या वर आले की गाडी पहिल्या गिअरमध्ये घेत, जेवढं हळू इंजिन चालेल तेवढं हळू चालवत, आणि तोंडातल्या तोंडात म्हणत, "आई, तुजा गुन्हेगार हाय. पोटात घाल." माशा एकदाही उठल्या नाहीत. पण खालच्या खाचरात काम करणाऱ्यांनी तो आवाज ऐकला होता. गावकीचे म्हातारे दत्ताराम, जे देवीपुढं गाऱ्हाणं घालत, त्यांनी एकदा चावडीवर विचारलंही. "येसा, उतरणीला तुजं इंजिन वाजतंय म्हनतात?" येसाजी म्हणाले, "नवीन हाय दत्ताराम, बसतंय हळूहळू." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

मग साळूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस आला. साळूबाई शेजारच्या, वयानं मोठ्या, मोतीबिंदूनं दिसायचं जवळजवळ बंद झालेलं, तोंड मात्र अखंड चालू. महाडला नेऊन आणायचं होतं आणि सोबत बाईमाणूस हवं म्हणून आवडीबाई निघाल्या. साळूबाई मागं गाठोड्याला टेकून बसल्या. आवडीबाई पुढं, आपल्या जागेवर.

आज सांगायलाच हवं होतं. गाव मागं पडल्याबरोबर येसाजींनी सुरुवात केली. "आवडे, एक सांगायचं हाय..."

"येसा, तुज्या जिपंत आज घुसळल्यागत होत नाय रे," मागून साळूबाई म्हणाल्या. "लोण्यागत चाललीय. का माजे डोळेच गेलं म्हनून हादरेपन कळंना झालं?"

"अगं हादरा काय डोळ्यानं कळतो?" आवडीबाई हसल्या.

"तुला नाय कळायचं. डोळं गेलं की मानूस बुडापास्नं म्हातारा होतो."

"साळूबाय, जरा गप ऱ्हावा," येसाजी म्हणाले. "मी हिला काय तरी सांगतोय."

"सांग की मग! मी काय कान झाकू? नवरा-बायकोचं गुपित ह्या वयात काय असतं, गुडघ्याचं तेल?"

आवडीबाई पदर तोंडाला लावून हसत राहिल्या, आणि येसाजींनाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी बायको शेजारी बसून हसत होती. खाली मोरीपाशी थांबून सांगू, असं त्यांनी ठरवलं. मग वळण आलं, वळणापलीकडं कडा दिसला, आणि सवयीनं तिघंही गप्प झाली.

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. पहिल्यात घेण्यासाठी येसाजींनी क्लच दाबला आणि डावा हात दांड्याला नेला. दांडा दुसऱ्यातून निघून मध्ये आला.

आवडीबाईंचा हात मुठीवर गेला.

त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. गिअरला हात गेला की मुठीला हात, हे इतके महिने चाललेलं. त्यांनी डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि मूठ ओढून धरली. इंजिन दोन हुंदके देऊन थांबलं.

येसाजींना ते आधी हातात कळलं, मग कानाला. चाक मेलं. समोर उतार होता, उताराच्या टोकाला उजवीकडचं वळण, आणि वळणाच्या पुढं नुसतं आभाळ. त्यांनी ब्रेक दाबला. पाठीमागं माणूस, गाठोडी, तांदळाचं पोतं. गाडी मंदावली, थांबली नाही. ओरडायचं तर त्या जागी तोंडातून आवाजच निघेना. जन्माची सवय. दोन्ही हात चाकावर घेऊन त्यांनी पूर्वीसारखा छातीचा भार टाकला, आणि खांद्यात काहीतरी कापडासारखं फाटलं. चाक वीतभर फिरलं.

वळणाला वीतभर पुरणार नव्हतं. डोंगराला पुरणार होतं.

डोंगर उजव्या हाताला होता, त्यांच्या बाजूला. दार नव्हतं. त्यांनी वळण सोडलं आणि वीतभर वळलेली जीप गटारावरून सरळ खडकाला नेऊन घातली. ती खडकाला घासत, ठिणग्या पाडत, मोरीच्या थोडं अलीकडं थांबली.

नंतरची शांतता एवढी होती की वरच्या पोळ्यांचा घुमारा ऐकू येत होता.

साळूबाईंचं मनगट मोडलं. आवडीबाईंच्या कपाळाला खोक पडली. येसाजींचा उजवा हात जीपचा पत्रा आणि खडक यांच्यामध्ये होता. पोलादपूरहून महाडला आणि महाडहून मुंबईला नेईपर्यंत डॉक्टर काय म्हणणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. कोपराच्या वरून काढावा लागला.

चांगू मिस्त्री भेटायला मुंबईपर्यंत आला. सफरचंदांची पिशवी खाटेखाली ठेवून तो उभाच राहिला. ते त्याचं मोठं पोट, मोठा आवाज, सगळं आत ओढून घेतल्यासारखं.

"काका, मी बॉक्स उघडून बघितला. पंप बघितला. सगळं जागच्या जागी हाय. नळीपन फुटलेली नाय." मग त्याला राहवलं नाही. "मी सांगितलेलं ना हो तुमाला? उतारावर इंजिन बंद करू नका म्हनून. तुमी फिरवून पन बघितलं होतं बंद गाडीत!"

आवडीबाई पायथ्याशी संत्रं सोलत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले.

"कधी सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"तुमी देवळात गेला होता तेव्हा."

"आपोआप बंद पडलं रे," येसाजी घाईनं म्हणाले. "तुजी काय चूक नाय. गाडी जुनी. पडलं बंद."

चांगू गेला. आवडीबाईंनी सोललेलं संत्रं तसंच फडक्यात गुंडाळून ठेवलं. मग त्यांनी आपला उजवा हात मांडीवर उलटा करून ठेवला आणि त्याच्याकडं बघत बसल्या. येसाजी एकदा म्हणाले, "मी सांगायला पायजे होतं गो." त्यावर त्यांनी नुसतं पांघरूण सारखं केलं.

घर आवरायला म्हणून सुनील दोघांना घेऊन कुडपणला आला, तोवर गावानं गोष्ट पुरी केली होती. पुरी करणाऱ्या साळूबाईच. प्लास्टरमधला हात नाचवत त्या सगळ्यांना सांगत. "माजे डोळं गेलेत, कान नाय. येसानं हात लावला नाय. आपोआप इंजिन गप झालं! आवशीनंच, वाघजाईनंच बंद केलं. इतकं दिस आवाज करीत उतरत होता ना, तिनं एकदाच गप केलं."

गावाला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं? खाचरातल्या माणसांनी आवाज ऐकलेला होता. आवाज करणारा हातच देवीनं घेतला. दत्ताराम म्हणाले, "येसा, गाव सोडून चाललायस, पन ठाण्यावर दोष ठेवून जाऊ नको. नारळ दे. मी गाऱ्हानं घालतो."

"घाला," येसाजी म्हणाले. "चूक माजीच हाय."

ते खोटंही नव्हतं. आणि गाव जोवर देवीचं नाव घेत होतं तोवर बायकोचं नाव कुणाच्या तोंडी येणार नव्हतं. मुंबईच्या खोलीत जन्म काढायचा होता, तिथं एवढं ओझं चाललं असतं.

निघायच्या दिवशी पोलादपूरहून पांडूची भाड्याची गाडी आली. घराला कुलूप लागलं. आवडीबाईंनी कोनाड्याखालचा जुना बॉक्स गोणपाटासकट उचलला, तेव्हा सुनील वैतागला. "आई, हे लोखंड कुठं नेतेस खोलीत?" त्या म्हणाल्या, "खोलीत नाय नेत."

ठाण्यापाशी गाडी थांबली. दत्ताराम, साळूबाई आणि वाडीतली पाच-सहा माणसं आधीच येऊन उभी होती. सगळी हलक्या आवाजात बोलत होती. दत्तारामांनी शिळेपुढं नारळ धरला, डोळे मिटले.

"बाय वाघजाई, उतरनीचे धनीन, तुजं लेकरू येसाजी चिकना तुज्या पुढ्यात उबा हाय. त्याच्याकडनं आवाजाचा गुन्हा झाला. तू सोता इंजिन बंद करून त्याला जागेवर आनलंस. आता त्याचा गुन्हा पदरात..."

"तिनं नाय बंद केलं," आवडीबाई म्हणाल्या.

हळू नाही. त्या जागी कुणी बोलत नसे इतक्या मोठ्यानं. दोन माणसांनी दचकून वर कड्याकडं बघितलं.

"आवडे," येसाजी म्हणाले.

"गप ऱ्हावा तुमी. लई गप ऱ्हायलात, आता इथंपन ऱ्हावा." मग त्या शिळेकडं वळल्या. "मी बंद केलं. ह्या हातानं मूठ वढली. तुला आवाज नको म्हनून वढली. ह्यांना चूक म्हनायचं काय कारन नाय, हे चालूच ठेवत होते. तुजी सेवा केली ती मी केली, आनि हात ह्यांचा गेला." त्यांचा आवाज एकदाच फाटला. "पदरात घे म्हनत नाय मी. काय घ्यायचं ऱ्हायलंय?"

त्यांनी गोणपाट सोडलं आणि तो जुना, तेलकट, जड बॉक्स देवीपुढं, नारळाच्या दगडाशेजारी ठेवला.

साळूबाई पुटपुटल्या, "आवडे... मी आपलं कानानं ऐकलं ते सांगितलं गो." दत्तारामांच्या हातात नारळ तसाच होता. गाऱ्हाणं अर्ध्यावर थांबलं होतं आणि पुढं कुणाचं नाव घ्यायचं ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी नारळ फोडला. पाणी त्या लोखंडावर उडालं.

गाडीत येसाजी पुढं बसले, चालकाच्या डाव्या बाजूला, जिथं इतके महिने आवडीबाई बसत. त्या मागं. पांडूनं गाडी सुरू करून उतरणीला लावली. एरवी तो इथं नुसती गाणी बंद करी, पण आज मागं अख्खी वाडी उभी होती आणि गाडीत हे दोघं होते. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं गिअर मध्ये आणला आणि हात चावीकडं नेला.

मागून आवडीबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"चालू दे."

"काकी, देवीचं..."

"चालू दे सांगते ना. वळण हाय पुढं."

इंजिनाचा आवाज कड्यावर आपटून परत येत होता. येसाजींनी वाकून वर बघितलं. पोळी जागच्या जागी लटकत होती, काळी, ओलसर. एकही माशी हलली नाही.

मोरीच्या अलीकडं खडकावर जीपच्या निळ्या रंगाचा लांब ओरखडा होता. पांडूनं तो बघितला नाही, त्यानं एका हातानं चाक फिरवलं आणि गाडी अलगद वळली. येसाजींचा उजवा पाय पुढच्या पत्र्यावर दाबलेला होता. तिथं ब्रेक नव्हता. आवडीबाई मागून पुढं झाल्या आणि वळण संपेपर्यंत त्यांच्या उजव्या बाहीचं रिकामं टोक मुठीत धरून राहिल्या.